फिजिओथेरपीला जाण्यापूर्वी : दहा दिवस बसून पाहा

मुलगा किंवा मुलगी बारावी शास्त्र शाखेला गेली की आपल्याकडील पालक डॉक्टर या एकाच शब्दाने बोलू लागतात. 'नीट' परीक्षेचे १८० प्रश्न व ७२० गुण घराघरांत तोंडपाठ झाले आहेत. निकाल लागतो, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापुरते गुण पडत नाहीत आणि मग नारायणगावच्या किंवा मंचरच्या एखाद्या सायबर कॅफेत बाप-लेक पसंतीक्रमाचा फॉर्म भरायला बसतात. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी अशी नावे पडद्यावर दिसतात. कोणते वर घ्यायचे व कोणते खाली हे ठरवायला हातात फार तर दोन-चार दिवस असतात. अनेकदा तो निर्णय कॅफेचा मालकच देऊन टाकतो.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातला नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, एवढीच ओळख. तथापि शैक्षणिक कर्जाच्या निमित्ताने अशी अनेक कुटुंबे टेबलासमोर बसतात. 'हा अभ्यासक्रम नेमका कशाचा?' असे विचारले, की बहुतेक वेळा उत्तर येते, 'ते मसाज शिकवतात ना, साहेब.' साडेचार-पाच वर्षे आणि काही लाख रुपये ज्या गोष्टीवर खर्च करायचे, तिच्याविषयी घरात एवढीच माहिती असावी, ही चिंतेची बाब आहे. म्हणून आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी हा अभ्यासक्रम निवडण्याआधी त्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव कसा घ्यावा, याविषयी मिळवलेली माहिती सभासदांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. महाराष्ट्रात या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. रुग्णालयात किती दिवस काम केले, कोणाचे प्रशस्तिपत्र आहे, याला प्रवेशप्रक्रियेत एकही गुण नाही. परदेशात तसे नाही. अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली किती तास निरीक्षण केले, हे अनेक विद्यापीठे विचारतात. इंग्लंडमध्ये अर्जासोबत स्वतःविषयीचे निवेदन लिहावे लागते. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या रूपात द्यायचे असून, शाळेबाहेर काय तयारी केली आणि तिचा उपयोग काय, हा त्यांपैकी एक प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये या व्यवसायाची संघटना १८९४ साली चार परिचारिकांनी स्थापन केली. तेथे हा व्यवसाय सव्वाशे वर्षांहून जुना, त्यामुळे कामाची पारख करून मग प्रवेश देण्याची पद्धत रुळली आहे.

मग आपल्याकडे गुणच मिळत नसतील तर हा खटाटोप कशासाठी? तर त्या पसंतीक्रमाच्या फॉर्मसाठी. परीक्षक कोणी विचारणार नाही, पण तो फॉर्म विचारतोच. ज्याने दहा दिवस एखाद्या फिजिओथेरपी विभागात बसून पाहिले आहे, तो विद्यार्थी हा अभ्यासक्रम वर घ्यायचा की यादीतूनच काढायचा, हे स्वतः सांगू शकतो. न पाहता गेलेली मुले दुसऱ्या वर्षाला 'हे आपले काम नव्हे' म्हणून परततात, तेव्हा वर्षेही जातात आणि कर्जही डोक्यावर राहते. शिवाय ती जागा दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहत नाही ती वेगळीच.

हा व्यवसाय आपल्या देशात आला तो पोलिओच्या वाटेने. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर उपचारांसाठी धडपडलेल्या श्रीमती फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र सुरू केले. पुढे १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आपल्या पुण्यात तर त्याही आधी, १९४४ साली, जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले होते. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु फिजिओथेरपिस्टचे काम त्यामुळे कमी झालेले नाही. त्याची जागा लकव्याने, मधुमेहाने आणि मोटारसायकलच्या अपघातांनी घेतली आहे.

आपल्या दोन तालुक्यांकडेच पाहा. पुणे-नाशिक रस्त्यावरचे अपघात रोजच्या वर्तमानपत्रात असतात. मांडीचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होऊन सळई बसते, टाके निघतात आणि माणूस घरी येतो. घरच्यांच्या लेखी उपचार संपला. प्रत्यक्षात गुडघा आखडायला तेथूनच सुरुवात होते. टोमॅटोची आणि कांद्याची खुरपणी-काढणी करणाऱ्या बायका दिवसभर उकिडव्या बसून काम करतात. पन्नाशीत त्यांचे गुडघे जातात, कंबर धरते. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडणी करणारा मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, त्याच्या मानेची आणि मणक्याची काय अवस्था होत असेल याचा हिशेब कोणी ठेवत नाही. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनधारक बँकेत येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तीन पायऱ्या चढायला दोन माणसे लागतात. (आमच्यासारख्या काउंटरमागच्या माणसाला ही फिजिओथेरपीची गरज दरवर्षी रांगेत उभी असलेली दिसते.)

आता मसाजाचा गैरसमज. फिजिओथेरपिस्ट चोळण्यापेक्षा मोजण्याचे काम अधिक करतो, हे विभागात पहिल्याच दिवशी लक्षात येईल. सांधा किती वाकतो हे तो कोनमापकाने अंशांत मोजतो. जिना चढण्या-उतरण्यासाठी गुडघा साधारण ९० अंशांपर्यंत वाकावा लागतो. मांडी घालून जेवायला बसणे किंवा शेतात उकिडवे बसणे यासाठी त्याहून पुष्कळच अधिक. त्यामुळे शहरातल्या नोकरदाराला जो गुडघा 'बरा झाला' असे म्हणता येते, तोच आपल्याकडच्या शेतकरी बाईला अपुरा पडतो. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे स्नायू नुसता थरथरतो. हात-पाय आडवा ठेवून, वजन न उचलता हलवता आला तर दोन, स्वतःचे वजन उचलून हलला तर तीन, थोडा विरोध सोसला तर चार आणि पाच म्हणजे नेहमीसारखी ताकद. दोनवरून तीनवर येणे ही कागदावर एका अंकाची गोष्ट, पण त्यासाठी रुग्णाला आणि फिजिओथेरपिस्टला आठवडेच्या आठवडे झिजावे लागते.

आपल्याकडे हाड बसवणारे आणि चोळणारे लोक आहेत. त्यांच्यावर गावाचा विश्वास आहे आणि सारेच टाकाऊ आहे असे म्हणण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. पण दोन गोष्टी वैद्यकशास्त्राने पक्क्या सांगितल्या आहेत. कोपराला मार लागल्यावर किंवा तेथले हाड मोडल्यावर ते जोरजोराने चोळले, तर स्नायूतच हाड धरण्याचा धोका असतो आणि मग कोपर कायमचे आखडते. दुसरे, कामट्या घट्ट आवळून बांधल्या तर रक्तपुरवठा तुटून हाताची बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. लहान मुलांत हे विशेष घडते. तसेच लकव्याच्या रुग्णाचे. त्याला अंथरुणावरून उठवताना घरचे लोक मायेपोटी लुळ्या हाताला धरून ओढतात. त्या बाजूचा खांदा स्नायूंचा आधार गेल्याने आधीच सैल झालेला असतो, तो निखळतो, आणि पुढे दुखण्यामुळे रुग्ण व्यायामच करू देत नाही. कमरेला आणि चांगल्या बाजूला आधार देऊन उठवावे, लुळा हात उशीवर ठेवावा, एवढे शिकवणारा माणूस गावात असता तर किती घरांतला त्रास वाचला असता!

अनुभव घ्यायचा तो कोठे? मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगाव येथे शासकीय रुग्णालये आहेत. तेथे जाऊन फिजिओथेरपिस्ट कोणत्या वारी येतात, याची आधी चौकशी करावी. नारायणगाव, आळेफाटा, मंचर या मोठ्या गावांत अस्थिरोगतज्ज्ञांचे खाजगी दवाखाने आहेत. त्यांच्याशी जोडलेले किंवा स्वतंत्र फिजिओथेरपिस्टही बसतात. दिव्यांग मुलांसाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. शिबिरे आणि उपचार कोठे व केव्हा होतात हे त्यांना ठाऊक असते. दिव्यांगांच्या तपासणीची व साहित्यवाटपाची शिबिरे होतात, तेथे स्वयंसेवकांची नेहमीच गरज असते. एका शिबिरात रांग लावणे, फॉर्म भरून देणे, चाकाची खुर्ची ढकलणे एवढे काम केले तरी २०१६ च्या कायद्याने मान्य केलेले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार पुस्तकात वाचण्यापेक्षा अधिक समजतात. गावची आशाताई विसरू नये. वाडीवस्तीवर कोणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे, हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते. भीमाशंकरच्या डोंगराकडील किंवा माळशेजच्या बाजूच्या आदिवासी गावांतून रोज उपचाराला येणे का जमत नाही, हे तिच्याबरोबर एक दिवस फिरले की कळते : एक दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि बरोबर येणाऱ्याचीही मजुरी.

पुण्यात नातेवाईक असतील आणि आठ दिवस राहण्याची सोय होत असेल तर एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा विभागही पाहावा. मात्र सुरुवात गावापासून करावी असे मला वाटते. मोठ्या ठिकाणी यंत्रे पाहून डोळे दिपतात. लहान दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट, दोन खाटा, भिंतीवरचे खांद्याचे चाक आणि मेणाचे भांडे एवढ्यावर काम कसे चालते ते दिसते. आणि आपल्याला उद्या बहुधा तसेच काम करायचे असते.

वेळ केव्हाची? बारावीच्या वर्षात मुळीच नाही. ते वर्ष अभ्यासाचे. दहावीची परीक्षा झाल्यानंतरची सुट्टी, अकरावीची दिवाळी, आणि नीट दिल्यानंतर प्रवेशफेऱ्या सुरू होईपर्यंतचे दिवस, हे तीन काळ योग्य. त्यातही नीटनंतरचा काळ महत्त्वाचा, कारण तेव्हा मुले नुसती निकालाची वाट पाहत बसलेली असतात.

परवानगी लेखी घ्यावी. तोंडी विचारले की 'बघू' म्हणतात आणि विसरतात. अर्ज साधा असावा. नमुना देतो :

'मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, सविनय सादर. मी इयत्ता अकरावी शास्त्र शाखेत शिकत असून पुढे फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम निवडावा काय, याचा विचार करीत आहे. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस, रोज सकाळी दोन तास, आपल्या फिजिओथेरपी विभागात बसून कामकाज पाहण्याची परवानगी मिळावी ही विनंती. मी रुग्णांवर कोणताही उपचार करणार नाही, छायाचित्रे घेणार नाही व रुग्णांची माहिती बाहेर सांगणार नाही. सांगाल ते किरकोळ काम करीन. सोबत पालकांचे संमतिपत्र व महाविद्यालयाच्या ओळखपत्राची प्रत जोडली आहे.'

या अर्जातल्या तीन नकारांना फार महत्त्व आहे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने या व्यवसायाची स्वतंत्र परिषद आहे आणि नोंदणी झालेल्या व्यक्तीनेच उपचार करायचे असतात. दोन दिवस पाहून तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजीची मान ओढायला जाऊ नये. मोबाइल पिशवीत ठेवावा. गाव लहान असते. अमक्याच्या सुनेला काय झाले आहे हे तुमच्या तोंडून चावडीवर गेले, तर पुढच्या विद्यार्थ्याला त्या दवाखान्याचे दार बंद होईल. नखे कापलेली, पायात बंद बूट, धनुर्वात व कावीळ-ब यांच्या लसी घेतलेल्या असाव्यात. मुलींनी विशेषतः आणि मुलांनीही, आपण कोठे जातो व किती वाजता परततो हे घरी सांगून जावे. विभागात दुसरे कोणी नसताना एकट्याने बसण्याची वेळ येत असेल तर तशी व्यवस्था बदलून मागावी, त्यात संकोच नको.

बसायचे म्हणजे काय करायचे? एक वही ठेवायची. तीत रुग्णाचे नाव लिहायचे नाही. 'बाई, साठीच्या आसपास, उजवा गुडघा, पहिल्या दिवशी ७० अंश, आठव्या दिवशी ८५' अशी नोंद पुरे. जे रुग्ण तिसऱ्या दिवसापासून येईनासे झाले, त्यांचीही नोंद करावी आणि ते का आले नसतील हे फिजिओथेरपिस्टला विचारावे. माझ्या मते सगळ्या वहीत हेच पान सर्वांत मोलाचे. व्यायाम घरी करायला सांगितला तर दहातले किती जण करतात? न करणाऱ्याला रागावतात, समजावतात की सोडून देतात? एकच व्यायाम दिवसात वीस वेळा वीस माणसांना सांगताना सांगणाऱ्याचा आवाज कसा राहतो? तुम्हाला चौथ्या दिवशी कंटाळा आला तर तोही प्रामाणिकपणे लिहावा.

फिजिओथेरपिस्टना दोन घटका मोकळ्या असतील तर त्यांच्याच आयुष्याविषयी विचारावे : पदवी झाल्यावर पहिली नोकरी कशी मिळाली, पगार किती होता, पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागले का, घरोघरी जाऊन उपचार करताना अंतर किती पडते. ही उत्तरे महाविद्यालयाच्या रंगीत माहितीपत्रकात नसतात. शासकीय जागा थोड्या आहेत आणि सुरुवातीची वर्षे बहुतेकांना कष्टाची जातात, हे ऐकूनही ज्याची इच्छा टिकते त्याने खुशाल जावे. ज्याची इच्छा मावळते, त्याचे दहा दिवस वाया गेले असे कोणी म्हणू नये. त्याचे साडेचार वर्षांचे शुल्क वाचले.

अभ्यासक्रमाच्या कालावधीबद्दल एक खुलासा. आरोग्य विद्यापीठाची ही पदवी आजवर सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची होती. २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात ती एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांची धरली आहे. आपण ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून खर्चाचा हिशेब मांडावा. अभिमत विद्यापीठांची प्रवेशाची रीत व शुल्क वेगळे असते, त्यात गल्लत करू नये.

शेवटी कागदपत्रांचे, कारण तो आमच्या रोजच्या व्यवहारातला विषय. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच भरावा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकातील नोंद शोधायलाच कित्येकदा महिना जातो. जुन्नर किंवा घोडेगावच्या तहसील कचेरीत आधी चौकशी करावी. आदिवासी विद्यार्थ्यांना घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून योजनांची माहिती मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. दुसऱ्या वर्षी हे विसरणारे विद्यार्थी पुष्कळ. पदवीनंतर परदेशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असल्यास राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. आणि त्या वेळी निवेदन लिहिताना अकरावीतली ती वही कपाटातून काढता येईल.

शिष्यवृत्तीत न बसणारा खर्च उरतोच. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण द्यावे लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करावा आणि त्याची प्रत घेऊन शाखेत यावे. येताना महाविद्यालयाचे प्रवेशपत्र आणि वर्षवार शुल्कपत्रक सहीशिक्क्यासह आणावे. वसतिगृह, पुस्तके व उपकरणे यांचा खर्च त्यात वेगळा दाखवून घ्यावा, कारण शुल्कपत्रकात नसलेली रक्कम कर्जात धरून घेणे नंतर फार अवघड जाते.